मानाच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

खरं सांगतो, हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण त्या रविवारी जे पाहिलं ते पोटात राहायलाच तयार नाही. अजूनही कुणी माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला, तरी माझ्या छातीत धस्स होतं!

गोष्ट डिंक्याची. माझा मित्र. वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, आणि गुडघा जाईपर्यंत आमच्या क्लबकडून बास्केटबॉल खेळायचा. समोरच्या टीमचा जो सगळ्यात भारी खेळाडू असेल त्याला चिकटायचं, एवढंच त्याचं काम. पण चिकटायचा असा, की त्या माणसाला बॉल तर सोडाच, श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यावा लागायचा! मध्यंतरात समोरचा संडासला गेला, तर डिंक्या दाराबाहेर उभा!

रेफरी म्हणाला, "अरे, खेळ थांबलाय."

डिंक्या म्हणाला, "हे याला माहितीय का?"

तर आमच्या क्लबच्या हॉलमध्ये एक मानाची भिंत आहे. तिच्यावर जुन्या थोर खेळाडूंचे फोटो. सगळेच्या सगळे बास्केट मारणारे. हात वर, केस उडालेले, तोंडावर देवाची कृपा. भिंतीवर आता एकच खिळा रिकामा उरला होता. डिंक्याने छाती ठोकून जाहीर केलं, "त्या खिळ्यावर मीच! लिहून घे!"

एवढा जोर कशाला? तर सासरेबुवा! त्यांनी जावयाचा खेळातला एकच फोटो पाहिलेला. टीमच्या अगदी कडेला उभा, हातात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट. तेव्हापासून चारचौघांत ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. खेळाडूंना पाणी द्यायचे." आणि वर कौतुकाने, "पुण्याईचं काम हो!" डिंक्या आतल्या आत मशीनच्या ड्रमसारखा गरगरायचा.

मला सोबत घेऊन तो अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष स्वतः जुने बास्केटवीर. मानाच्या भिंतीवर त्यांचे तीन फोटो, त्यातल्या एकात तर नुसतं नाक आणि बॉल.

"गुण किती केलेस तू?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी कुठे करायचो? मी होऊ द्यायचो नाही."

"न झालेले गुण मोजायचे कसे रे?"

"राखणदाराने चोरी होऊ दिली नाही, तर त्याचा सत्कार नको?"

"चोरी झालीच नाही, तर सत्कार कसला? नुसता पगार!"

"मला तर तोही नव्हता!"

अध्यक्षांनी मान खाजवली. "पुरावा आण. रविवारी बैठकीत बघू."

झालं! डिंक्याचे पाय जमिनीला लागेनात. जुन्या मॅचचे व्हिडिओ गोळा केले, प्रोजेक्टर मागून आणला, वहिनींना आणि सासरेबुवांना पहिल्या रांगेत बसवलं. इतकंच काय, स्वतःचा फोटो मोठा करून, काचेची फ्रेम करून दाराआड ठेवूनही दिला! बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

दिवे मालवले. मॅच सुरू झाली. बॉल इकडे, बॉल तिकडे. सासरेबुवा चष्मा पुसून पुसून बघतायत.

"जावईबापू, यात तुम्ही कुठे?"

"येईन आता, बाबा."

बॉल पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे.

"आला! तो कोपर पाहिलात? काळ्या पट्टीवाला? तो मी!"

"अच्छा. आणि पाणी कधी देता?"

तेव्हा डिंक्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तोंड पांढरंफटक झालं. कॅमेरा सगळा वेळ बॉलच्या मागे! आणि डिंक्या ज्याला धरायचा, त्याच्याकडे बॉल कधी जायचाच नाही! म्हणजे जितका तो भारी खेळला तितका कॅमेऱ्याच्या बाहेर! त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात थोर मॅचमध्ये तर गडी औषधालासुद्धा नाही!

"थांबा, थांबा! पुढे आहे!" म्हणत त्याने व्हिडिओ पळवला. आणि आला एकदाचा! डोक्यापासून बुटापर्यंत, अख्ख्या पडद्यावर! समोरच्याचा बॉल अडवायला झेप घेतली, बॉलला हात लागला, आणि बॉल अलगद रिंगमध्ये. आपल्याच क्लबच्या रिंगमध्ये! गुण समोरच्यांना!

कुणीतरी उठून दिवे लावले.

"चला," अध्यक्ष म्हणाले, "एक तरी बास्केट केलीस."

वहिनींनी कपाळाला हात लावला. डिंक्या प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बसला. ती भिंतीत लावलेलीच होती, तरी गुंडाळत होता.

तेवढ्यात दार उघडून तोफखाना आत आला. हे विरुद्ध क्लबच्या हुकमी खेळाडूचं टोपणनाव. आता त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. डिंक्यानेच साक्षीला बोलावलं होतं, पण गिऱ्हाईक सोडेना म्हणून उशीर झाला.

"पुरावा मी देतो," तो म्हणाला. "अध्यक्ष, मी अजून झोपेत 'सोड ना रे' म्हणून ओरडतो. माझ्या बायकोला विचारा! या भिंतीवर जे जे आहेत, त्या सगळ्यांसमोर मी खोऱ्याने गुण ओढले. तुमच्यासमोर तर डोळे मिटून!"

अध्यक्ष लाल झाले.

"बास्केट मारणारे लक्षात राहतात हो," तोफखाना म्हणाला. "पण मी कुणाच्या लक्षात आहे? नाही ना? ते याच्यामुळे!"

अध्यक्ष म्हणाले, "आण फोटो."

डिंक्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासरेबुवा सावरून बसले.

"आणि तो तोफखान्यानेच लावावा," अध्यक्ष म्हणाले. "ज्याला रोखलं त्याच्याच हाताने. शोभून दिसेल."

काय सुंदर विचार! आणि काय भयंकर विचार!

तोफखान्याने फ्रेम दोन्ही हातांत धरली. खिळा उंचावर. त्याने गुडघे जरासे वाकवले, मनगटं मागे घेतली, टाचा उचलल्या, फ्रेम डोक्याच्या वर नेली... माझी नजर डिंक्याकडे गेली. डोळ्यांतलं पाणी आटलेलं. डोळेच बदललेले!

"अहो!" वहिनी किंचाळल्या. "अहो, नको!"

कसलं काय! गुडघा गेलेला माणूस खुर्चीतून असा उडाला, जणू खाली कुणी सुतळी बॉम्ब लावला! फाट्! फ्रेम हवेत, पंख्याला चाटून, अध्यक्षांचे तिन्ही फोटो सोबत घेऊन थेट बक्षिसांच्या कपाटात! खळ्ळकन काचा! सगळ्यात मोठा कप गडगडत आला आणि अध्यक्षांच्या बुटाशी थांबला.

डिंक्या दोन्ही हात पसरून तोफखान्यासमोर उभा. धापा टाकत. मग त्याने कपाटाकडे पाहिलं. फुटक्या काचेतून त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघून हसत होता.

"हे... मी?"

"बघा!" तोफखाना आनंदाने ओरडला. "बघा! व्हिडिओ कशाला हवा!"

अध्यक्ष कप उचलायला वाकले. सासरेबुवा मात्र हळूहळू उभे राहिले. "जावईबापू, तुम्ही... तुम्ही हे असं करायचात?"

"प्रत्येक मॅचला," तोफखाना म्हणाला.

सासरेबुवा काचा चुकवत पुढे आले. डिंक्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलो!

"मग," ते म्हणाले, "पाणी कोण द्यायचं?"

ठराव एकमताने झाला. डिंक्या मानाच्या भिंतीवर जाणार. अडलंय ते एवढ्यावरच, की नवी फ्रेम लावणार कोण? अध्यक्षांना एकदम पाठदुखी सुरू झालीय. तोफखाना फोन उचलत नाही. आणि डिंक्याला तर समोर बसून डोळे भरून बघायचंय!

शेवटी काल त्याने माझाच हात धरला. "तू लाव. पण तुला माझं माहितीय ना?"

माहितीय. म्हणून शब्द दिलाय. मोठी शिडी आणेन, खिळ्याच्याही वर चढेन, आणि फोटो वरून खाली सोडत सोडत लावेन. पण हात खांद्याच्या वर नेणार नाही, आईशपथ!