हणमंतबापूंची हिरवी माणसं

"आवं सर, तुमी परवा हिरवं हुताय बरं का."

सांगलीच्या भर बाजारात असं कुणी म्हणालं, की मागं वळून बघायचं कारण नसे. ते आमचे हणमंतबापूच. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले बापू आमच्या रक्तपेढीत रक्तदात्यांची यादी सांभाळायचे. मी तिथंच तंत्रज्ञ होते. एकदा रक्त दिलं की पुढचे तीन महिने त्या माणसाला बोलवायचं नाही, हा नियम. तीन महिने उलटले की बापू वहीत त्याच्या नावावर हिरवी पेन्सिल फिरवायचे, रक्त घेतलं की खोडायचे. खोडून खोडून वहीची पानं फाटली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेढीत संगणक आला. त्यातल्या आकडेमोडीच्या तक्त्यात आजच्या तारखेतून शेवटच्या रक्तदानाची तारीख वजा करून ओळ आपोआप रंगवता येते, हे कळल्यावर बापू आठवडाभर खुर्चीवरून हलले नाहीत. पहिल्यांदा नुसता तारखेचा चौकोनच रंगला. "मॅडम, माणसाचं नुसतं नाक हिरवं झालंय," असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मग तक्त्याच्या सूत्रात डॉलरची खूण कुठं घालायची ते सापडलं आणि अख्खी ओळ हिरवी झाली. त्या दिवशी बापूंनी सगळ्यांना पेढे वाटले.

एका दुपारी शेजारच्या इस्पितळात कवठे महांकाळहून एक बाळंतीण आली. रक्त फार गेलं होतं आणि गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. यादीत त्या गटाचे दोघंच, आणि त्यातले एक चित्रकलेचे शिक्षक त्याच सकाळी हिरवे झालेले. बापू सायकलवरून थेट त्यांच्या वर्गात शिरले आणि म्हणाले, "सर, आजपास्नं तुमी हिरवं हाय. चला." वर्ग खिदळला. सर हातातला खडू खाली ठेवून निघाले. संध्याकाळपर्यंत बाळंतीण शुद्धीवर आली. बापूंनी मला फक्त एवढंच सांगितलं, की वही असती तर अजून पानं उलटत बसलो असतो.

पुढं एकदा यादी तपासताना मला एक ओळ खटकली. मलकापूरचे कुणी आनंदा. शेवटचं रक्तदान दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे त्यानंतरचे तीन महिने उलटल्यापासून ओळ हिरवीच. तरी बापूंनी त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. मी कारण विचारलं.

बापूंनी चष्मा काढून पुसला. आनंदा त्यांच्या पलटणीतला. दर तीन महिन्यांनी एसटीनं सांगलीला यायचा, रक्त द्यायचा, मग दोघं स्टँडवर चहा घेत बसायचे. दोन वर्षांपूर्वी तो वारला होता. मी हळूच विचारलं, ही ओळ काढून टाकू का?

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. बाकीच्यास्नी मला बोलवाय जावं लागतंय. त्यो आपला आपण यायचा."

जेवणाची सुट्टी झाली होती. बापू एरवी खिडकीशी एकटेच जेवत. मी माझा डबा त्यांच्या टेबलावर नेला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.  आपल्या भाकरीतली अर्धी मोडून त्यांनी माझ्यापुढं ठेवली.