गाजराचा काय?

रविवारी दुपारी क्लिफर्ड शिडी घेऊन डेरेकच्या भाजीच्या दुकानावर चढला. दुकान बंद, गल्ली सुनसान. पाटीवर इंग्रजीत कोबी, कांदे, बटाटे, गाजरं असं लिहिलेलं आणि गाजरांच्या शेवटच्या एसआधी ऐटीत बसलेला एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर टांगलेली स्वल्पविरामासारखी शेपटी.

"अगं, याचा अर्थ 'गाजराचा' होतो!" क्लिफर्ड ब्रश बुडवत फणफणला. तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलेला माणूस. "गाजराचा काय? मामा?"

"आवर लवकर," खाली शिडी धरून उभी असलेली त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "एंटविसल बाईंनी पाहिलं ना, तर संपलास."

गेल्या महिन्यात त्यानं खाटकाची पाटी अशीच दुरुस्त केली होती. बोलिंग क्लबच्या अध्यक्ष एंटविसल बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा कुणाच्या पाटीला हात लावलात तर क्लबातून बाहेर. आणि क्लब सुटला की क्लिफर्डला उरला दिवसभर घरात ग्लेनिसचा पियानो.

तेवढ्यात एक म्हातारबुवा आले. बंद दारासमोर ग्लेनिस उभी दिसली. हे गाव इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं, इथे कुणी उभं दिसलं की मागे उभं राहायचं. कशासाठी ते विचारणं म्हणजे आगाऊपणा. बुवा उभे राहिले. त्यांच्यामागे एक जोडपं, मग चर्चचे पाद्री. पाहता पाहता रांग पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली. मधोमध एंटविसल बाई, पिशवी घेऊन!

क्लिफर्ड पाटीला पालीसारखा चिकटला.

कुत्रं फिरवून आलेला डेरेक सवयीनं रांगेच्या टोकाला उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं पुढे उभ्या असलेल्या एका बाईंना विचारलं, "काय मिळतंय हो?"

"देव जाणे. पण एवढी माणसं उभी आहेत म्हणजे चांगलंच असणार."

"दुकान कुणाचं?"

"तुझंच की रे, डेरेक!"

डेरेक किल्ली काढून पुढे धावला.

"ओ, रांग आहे!" पाद्री गरजले.

"अहो, दुकान माझंय!"

"सगळे असंच म्हणतात."

कसाबसा पोहोचून त्यानं दार उघडलं. लगेच ग्लेनिसनं शिडी सोडली.

"अगं, कुठे चाललीस?" वरून क्लिफर्ड किंचाळला.

"माझा पहिला नंबर आहे!"

शिडी डुगडुगली. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"क्लिफर्ड? वर काय करतोयस?" डेरेकनं विचारलं. एंटविसल बाईंनी चष्मा लावला.

"पाटी..." क्लिफर्डनं ब्रश उंचावून दाखवला. "पाटी सजवून देतोय. फुकट."

डेरेकचे डोळे भरून आले. "आणि मी तुला खडूस म्हणत होतो रे! मग एक कर. ती शेपटी एकट्या गाजरालाच आहे, बाकीचे बोडके दिसतात. सगळ्यांना घाल."

"सगळ्यांना?"

"वा!" एंटविसल बाई म्हणाल्या. "माणूस सुधारला म्हणायचा. घाला, घाला. मी बघत्येय."

क्लिफर्डनं कोबीला घातला. कांद्यांना घातला. बटाट्यांना घालताना त्याच्या तोंडून बारीक हुंदका आला. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"झक्कास!" डेरेक ओरडला. "आता खाली कोपऱ्यात तुझं नाव लिही. मोठ्ठं. गावाला कळू दे कुणी केलंय."