गुरुजींचा पहिला डोस

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. डॉक्टर शेजारचेच, उद्या ताप आला तर जायचं कुणाकडे? पण पोटात राहीना.

तर झालं असं. गावात साथ शिरलेली, दोन लेकरं आधीच मोठ्या दवाखान्यात. प्रार्थनागृहात लसीची पेटी उघडून डॉक्टर सकाळपासून माश्या मारत बसलेले. लोक दारातच उभे. "देवानं दिलेलं अंग, त्याला भोकं कशाला पाडायची?" आणि संध्याकाळपर्यंत लस संपली नाही तर सगळी फेकून द्यावी लागणार.

शेवटी डॉक्टरांनी प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींना गाठलं. दोघं शाळेत एका बाकावरचे. एक देवाचा माणूस, दुसरा देवच नाही म्हणणारा. त्यामुळे भांडायला विषय कधी कमी पडला नाही.

"तू आधी टोचून घे, मग लोक येतील."

"धर्माची काही हरकत नाही," गुरुजी म्हणाले. "तुला अक्कल देवानंच दिलीय. हात राखून दिलीय, पण दिलीय."

"मग चल की!"

"हरकत धर्माची नाही रे, माझी आहे. सुई बघितली की मला घाम फुटतो."

तरी बिचारे खुर्चीत बसले. लोकांना पटावं म्हणून प्रवचन सुरू केलं, ते काही आवरेना. नर्सबाईंनी मध्येच दंड धरला आणि टोचली. "आणि म्हणून भक्तहो..." एवढं म्हणून गुरुजी आडवे.

चक्कर आली की पाय वर करायचे, डॉक्टरांना दुसरं काय सुचणार? खाली बसून त्यांनी गुरुजींचे दोन्ही पाय मांडीवर घेतले.

दारातली एक आजी ओरडली, "अगं बाई, समाधी लागली! आणि बघा, त्या नास्तिकानं पाय धरले!"

झालं! भराभर बाह्या वर सरकल्या. रांग पार रस्त्यावर गेली.

गुरुजी शुद्धीवर आले. "समाधी कसली डोंबलाची! खोटं बोलणं पाप आहे. सांगतो सगळ्यांना."

"अरे, अर्धी पेटी बाकी आहे! गप पडून राहा!"

पण गुरुजी उठलेच. "ऐका हो, मी घाबरून पडलो!"

"किती तो नम्रपणा!" आजीनं डोळे पुसले. रांग आणखी लांबली.

पेटी रिकामी झाली. डॉक्टर खुशीत आवराआवर करायला लागले.

"दुसरा डोस महिन्यानं ना?" गुरुजींनी विचारलं. "तोवर तुला दर प्रार्थनेला पुढच्या रांगेत बसावं लागेल. नाहीतर लोक म्हणतील, हा परत नास्तिक झाला, लसीचा गुण उतरला."

डॉक्टरांनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

"येईन," ते म्हणाले. "शब्द देतो. पण तू प्रवचन आखडतं घे."