हुंकाररावांची हनुवटी

माणूस मनापासून ऐकत असला की 'हूं' म्हणताना त्याची हनुवटी एक सूतभर खाली येते. ऐकण्याचं सोंग करत असला तर ती जागची हलत नाही. हे मी आईच्या तोंडासमोर शाळेतली पट्टी धरून मोजलं होतं. आई तेव्हा शेजारणीची कहाणी ऐकत होती. ती खेकसली, "पट्टी हटव व माय, डोया फोडतं का माहा!"

त्या एका सुताच्या जोरावर मी सौंसरच्या आमच्या कन्या शाळेत जाहीर करून टाकलं, की पांढुर्ण्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा पहिला नंबर आपलाच! मी विज्ञान शिकवते. वर्गाबाहेर माझा आवाज कोणी फारसा ऐकलेला नाही. त्यामुळे मुख्याध्यापिका प्रेमलताबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"इंदू, असं काय बनवून राहिली तू?"

"यंत्रमानव. माणसासारखा ऐकणारा."

"लोक तर बोलणारे बनवतात."

"बोलणारे गावात पुष्कळ आहेत, बाई!"

धड आईच्या गव्हाच्या कोठीचं केलं. पत्र्याची, माणसाच्या खांद्याएवढी उंच कोठी, आयतीच अंगाला बसणारी! डोकं तेलाच्या पिप्याचं, हात सायकलच्या मडगार्डचे, हनुवटी डब्याच्या झाकणाची. छातीत काचेची खिडकी आणि तिच्यामागे मी रंगवलेल्या चित्रांची गुंडाळी. गोष्ट अशी, की संत्र्याच्या बागेत एकट्या राहणाऱ्या मुलीला एक यंत्रमानव सापडतो. पुढे काय व्हावं ते बघणाऱ्यानं ठरवायचं. लाल बटण दाबलं की मुलगी गप्प राहते आणि चित्र पुढे सरकतं. हिरवं दाबलं की ती त्याच्याशी बोलते. म्हणजे बघणाऱ्यानंच तिच्या वतीनं बोलायचं. मग आतला टेपरेकॉर्डर 'हूं', 'मग?' किंवा 'असं का?' म्हणतो, हनुवटी सूतभर खाली येते आणि मग चित्र सरकतं. मुलींनी त्याचं नाव ठेवलं हुंकारराव.

शेवटचं चित्र तेवढं कोरं राहिलं होतं. यंत्रमानव तिच्या घरी राहतो की निघून जातो, हे माझं ठरेना.

ठरवण्याच्या बाबतीत माझं नाव आधीच झालेलं होतं. हिरामण नावाचा मुलगा, पांढुर्णा स्टेशनवर तिकीटखिडकीवर बसणारा, मला बघून गेला त्याला संत्र्याचे दोन बहर उलटले होते. "विचार करून सांगते," मी म्हटलं होतं. तेव्हापासून कोणी विचारलं की आई सांगायची, "विचार करून राहिली." आमच्या बोलीतलं हे 'करून राहिली' म्हणजे ब्रेक नसलेली गाडी. एकदा सुटली की थांबतच नाही! मुलगा वाईट नव्हता. पण पोहे संपेपर्यंत त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. माझी शाळा सौंसरला, आणि आईला माझ्यावाचून कोणी नाही. ही दोन कोडी सुटल्याशिवाय हो कसं म्हणायचं? आणि नाही म्हणावं, तर तेही जिभेवर येईना.

प्रदर्शनाच्या दिवशी हुंकारराव बसच्या टपावर, संत्र्यांच्या पेट्यांमध्ये बसून निघाले. मोहगावच्या पुढे एक खड्डा असा आला की कंडक्टरची शिट्टी त्याच्याच घशात गेली! पांढुर्ण्याला उतरवून बघते, तर टेपरेकॉर्डर बसवायला कोठीला मागून पाडलेल्या दाराची बिजागरी तुटलेली. टेपरेकॉर्डर चालू केला, तर त्यानं कॅसेट खाल्ली. फीत अशी बाहेर आली, जशा काही शेवया!

"आता?" प्रेमलताबाईंनी कपाळाला हात लावला. "परीक्षक कधीबी येतील! बाहेर लाईन लागून राहिली!"

मी कोठीकडे पाहिलं. प्रेमलताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगानं बारीक आहे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

"जा आत!" त्या म्हणाल्या.

दार लागेना, म्हणून त्यांनी ते चार स्क्रूंनी पक्कं केलं, पेचकस पर्समध्ये टाकला आणि परीक्षकांना आणायला निघून गेल्या. आत मी उभी. दोन्ही हात चित्रांच्या गुंडाळीच्या दांड्यांवर, म्हणून हनुवटीची दोरी दातांत धरलेली. माझी हनुवटी खाली गेली की हुंकाररावांची जायची. डोळ्यांच्या भोकांतून बाहेरचं सगळं दिसत होतं. मी मात्र कोणाला दिसत नव्हते. दात आवळून 'मग?' म्हटलं की आवाजही अगदी यंत्राचा निघायचा. बिघाडातून सुधारणा झाली, असंच मला वाटलं!

पहिले आले भगवंतराव नावाचे म्हातारे बागाईतदार. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्या घरी तीन सुना, दोन पोरं अन् एक रेडिओ. सारे बोलतात!"

"हूं."

"मी बोललो का सारे उठून जातात."

"असं का?"

"उठून जातात म्हणजे, रेडिओबी बंद पडते!"

"मग?"

भगवंतरावांचे डोळे भरून आले. "मग म्हणते!" ते मागे वळून ओरडले. "ऐका रे, हे मग म्हणते!" आणि त्यांनी पहिल्या बैलजोडीपासून सुरुवात केली. चार जणांनी धरून बाजूला नेलं तेव्हा ते म्हणत होते, "किती घेता याचे? एक सून देतो बदल्यात!"

त्यानंतर संत्र्याची बाग कोणाला आठवते! जो तो नुसतं हिरवं बटण दाबून आपलं सांगू लागला. माझे पाय लाकडाचे झाले. पदराचं पोतेरं झालं. परीक्षकांचा पत्ता नव्हता.

आणि मग रांगेत दिसली आई. दुपारच्या बसनं आलेली, कमरेला पदर खोचलेला. तिनं आधी कोठीवर दोन थापा मारल्या. माझ्या कानांत देऊळभर घंटा वाजल्या.

"माही कोठी! गहू पोत्यात पडून राहिला अन् उंदरायची दिवाळी चालू आहे!" मग तिनं इकडेतिकडे पाहून हिरवं बटण दाबलं. "आता ऐक. माही पोरगी विचार करून राहिली. मले म्हणत नाही, पण मले मालूम आहे. माह्यासाठीच अडून राहिली ते."

"हूं," मी कसंबसं म्हटलं.

"अरे, मी काय कोठी आहे, जागची हलवता येत नाही? नेईल तिकडे जाईन! पण मले कोणी विचारलं तर सांगू ना!"

मी तिला खरंच विचारलं नव्हतं. एवढा विचार करत होते, आणि जिच्यामुळे अडले तिलाच विचारायचं राहून गेलं होतं!

"म्हणून त्या पोराले आज मीच बोलावलं," आई म्हणाली. "ये ना बाप्पा हिरामण, लाजतं काऊन?"

आणि तो पुढे आला! मी मागे सरायला गेले. पण मागे स्क्रू होते.

हिरामणनं मात्र गोष्ट पहिल्यापासून पाहिली. एकेका चित्रापाशी थांबून, हिरवंच बटण दाबून, मुलीच्या वतीनं हळू आवाजात यंत्रमानवाला नाव विचारलं, पाणी विचारलं. दिवसभरात असं करणारा तो पहिलाच. शेवटी कोरा कागद आला.

"यात तर काहीच नाही," तो म्हणाला. "मॅडम याचाबी विचार करून राहिल्या वाटते."

रांग हसली. सगळ्यांत मोठ्यानं आई हसली. आत माझा भाजलेला भुट्टा झाला.

तो वाकून काचेजवळ आला. "सांगू का हुंकारराव? मीबी तुमच्यासारखाच. दिवसभर खिडकीच्या आत. लोक हात घालतात, नागपूर म्हणतात, इटारसी म्हणतात, तिकीट घेऊन जातात. आत माणूस बसला का मशीन, कोणी वाकून पाहत नाही."

"हूं."

हनुवटी खाली गेली. बरोबर सूतभर. दोरीकडे माझं लक्षच नव्हतं!

"त्या दिवशी मी इतका घाबरलो, का नुसते पोहे खाल्ले. घरचे म्हणतात दुसरी पाहा. मी म्हणतो, थांबा, विचार करू द्या तिले. माह्या खिडकीवर तर कोणी विचार करून येतच नाही! गाडी सुटून राहिली का धावत येतात."

"मग?"

"मग काय, मीच बोलून राहिलो. तुमचं सांगा ना. सकाळपासून उभे आहात. पाय नाही दुखत?"

दिवसभरात अख्ख्या पांढुर्ण्यानं मला आपलं सांगितलं. मला विचारलं मात्र कोणीच नव्हतं. 'हूं', 'मग?', 'असं का?' यांतलं एकही उत्तर बसेना.

"लई दुखतात," मी म्हणाले.

रांगेत किंकाळी फुटली. भगवंतराव ओरडले, "मी म्हटलं नव्हतं, मस्त आहे म्हणून!" हिरामण मात्र पळाला नाही. तो आणखी पुढे वाकला, हुंकाररावांच्या डोळ्यांत बघत राहिला, आणि त्याची हनुवटी खाली आली. पट्टी नव्हती माझ्याजवळ. लागलीही नसती.

"हूं," तो म्हणाला. "मग?"

माझं तोंड उघडलं. दोरी सुटली. हुंकाररावांची हनुवटी निखळून थेट हिरामणच्या पायावर पडली, आणि उघड्या भोकातून माझी हनुवटी दिसताच आईची ट्यूब पेटली.

"इंदू! माह्या कोठीत काय करून राहिली व तू?"

"विचार करून राहिली होती, आई," मी आतून मोठ्यानं म्हणाले. "आता झाला. लग्नाला माझं हो आहे. सौंसरची शाळा मी सोडणार नाही, आणि तू आमच्याजवळ राहशील. हे त्यांना चालत असेल, तर त्यांनी प्रेमलताबाईंना शोधून पेचकस आणावा!"