मगदूम परीक्षेला बसतात

मगदुमांच्या घरात शिरायचं तर वाकून शिरावं लागतं. दार ठेंगणं आहे म्हणून नव्हे. दारापासून पलीकडच्या खिडकीपर्यंत त्यांनी सुतळ्या ताणल्या आहेत आणि त्या सुतळ्यांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कागदाचे चिटोरे अडकवले आहेत. प्रत्येक चिटोऱ्यावर एक काम. पाणी भरणे, अंघोळ, खानावळीचा डबा, गॅसचा नंबर लावणे. कुठलं काम झाल्याशिवाय कुठलं पुढं सरकत नाही हे सुतळीवरून कळतं, आणि ज्या कामांना उशीर झाला की अख्खा दिवस लांबतो ती लाल दोऱ्यावर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 'अंघोळ' माझ्या कपाळाला लागली. मी ती जरा बाजूला सारली, तर आतून मगदूम ओरडले, "मास्तर, हात लावू नगा! अंघोळ हालली की डबा हालतोय!"

एकट्या माणसाची कामं ती किती असणार! पण सुतळी मात्र घरभर होती.

शिवाजी पेठेत आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. मगदूम औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत प्लॅनिंग बघायचे. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरी निम्मं कन्नड, निम्मं मराठी. लग्न केलं नाही. आईला घेऊन इथं आले, अंथरुणाला खिळलेल्या आईचं सात वर्षं सगळं केलं, आणि ती गेल्यावर इथंच राहिले. त्यांच्या घरात मोठ्यानं बोलल्याचा आवाज भिंतीतून यायचा तो तेव्हापासून बंद झाला. मला आधी बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. म्हातारीला ऐकू कमी यायचं, त्यामुळं पहाटे पाचलाच "अव्वा, चहा!" अशी हाक उठायची.

"रिस्क हाय की!" हे मगदुमांचं पालुपद. तुम्ही नवा टीव्ही घेतला म्हणून पेढा द्यायला जा. ते पेढा हातात धरून विचारणार, "अँटेना कुटं लावलाय? वर? माकडं येत्यात हितं. रिस्क हाय." पेढा मात्र सगळा खाणार. एकदा गल्लीच्या मंडळानं गणपतीच्या मिरवणुकीची बैठक घेतली आणि चुकून मगदुमांना बोलावलं. त्यांनी वहीतून बत्तीस धोके वाचून दाखवले. ट्रॉलीचं चाक पंक्चर होणे, बेंजोवाले दुसऱ्या मंडळाला मिळणे, जनरेटर बंद पडणे. एकविसावा धोका होता, 'मिरवणूक निम्म्यात असताना अध्यक्ष आडवे होणे'. अध्यक्ष समोरच बसले होते. ते म्हणाले, "मगदूमसाहेब, पुढं वाचा." मगदुमांनी वाचलं, "उपाय: उपाध्यक्षांना कोरडं ठेवणे."

पुढच्या वर्षी त्यांना बैठकीला बोलावलं नाही. वही तेवढी मागून नेली. मी म्हटलं, "काय हा उद्धटपणा!" तर मगदूम म्हणाले, "असू द्या हो. प्लॅन वापरला की त्यांनी." आणि मिरवणुकीच्या दिवशी दारात खुर्ची टाकून, सगळं वहीप्रमाणं चाललंय का ते बघत बसले.

दोन हजार चारच्या सुमारास त्यांना त्या परीक्षेची बातमी लागली. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची अमेरिकेतली परीक्षा, दोनशे प्रश्न, चार तास, सगळं इंग्रजीत, कॉम्प्युटरपुढं बसून. बसायच्या आधी तुम्ही आयुष्यात किती हजार तास असली कामं केलीत ते लिहून कळवायचं. मगदूम डायऱ्यांचं पोतं घेऊन माझ्याकडं आले.

"मास्तर, 'भट्टी बसवली' ह्याला इंग्रजीत काय?"

मी सांगितलं, "इन्स्टॉल्ड अ फर्नेस."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "तीनच शब्द? आट म्हैने लागलेत मला. जरा लांब करा की!"

भट्टी मी चार ओळींची करून दिली. फॉर्म गेला, मंजूर झाला. मंजुरीनंतर वर्षभरात परीक्षा द्यायची. वर्ष उलटलं की सगळं रद्द, मग पुन्हा तास, पुन्हा मालकाची सही, पुन्हा माझ्या चार ओळी. हे शेवटचं ऐकून मीच जास्त घाबरलो.

अभ्यासासाठी मगदुमांनी रविवारी मंडळी जमवायला सुरुवात केली. फौंड्रीतले दोन इंजिनियर आणि डिझाइन खात्यातली शुभांगी कांबळे, तिघंही तीच परीक्षा देणारे. सकाळी नऊ ते एक. नऊ म्हणजे नऊ. त्या वेळात भिंतीपलीकडून जो कालवा उठायचा, त्यात मला पेपर वाचता यायचा नाही. मगदूम भट्टीची, मालकाची, वितळलेल्या लोखंडाची उदाहरणं देत शिकवायचे, ती तिघं भांडायची, मधेच हशा पिकायचा. चहा तीनदा. मी बायकोजवळ कुरकुर करायचो. ती म्हणायची, "हसू द्या की. म्हातारी गेल्यापास्नं त्या घरात कोण हसलंय?"

आमच्या पेठेतला रविवार ज्याला ठाऊक नाही त्याला एक सांगायला हवं. रविवार म्हणजे मटण. साडेबाराला एका घरात फोडणी पडते, मग दुसऱ्या, आणि एकपर्यंत गल्लीभर तांबड्या रश्श्याचा वास. रविवारी दुपारी कोणी कोणाकडं जात नाही, ज्याचं त्याचं ताट आणि त्यानंतरची झोप. मगदुमांच्या घरी मटण कधीच नव्हतं, लिंगायत माणूस, गळ्यात लिंग आहे त्यांच्या. रविवारी खानावळही बंद. त्या दिवशी ते सकाळीच भात टाकून ठेवायचे.

पहिली तारीख आली तेव्हा पाऊस झाला, हायवेवर पाणी आलं. केंद्र बेंगळूरला, जाणार कसं? तारीख पुढं गेली. ती समजण्यासारखी होती. दुसऱ्या वेळी बेंगळूरला सणाची गर्दी असते म्हणून. तिसऱ्या वेळी चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटतो म्हणून. चौथ्या वेळी तर कारण असं होतं की, कारण काहीच नव्हतं, "ह्यात बी रिस्क हाय." दरम्यान ती तिघं एकामागून एक बसली आणि पास झाली. दोघं पुण्याला गेली, शुभांगीचे रविवारही सुटले. त्यांच्या जागी दोन नवीन आले, त्यांचीही तयारी झाली. मगदूम आपले तिथंच.

शुभांगी पेढे घेऊन आली ती आधी त्यांच्याकडं, मग आमच्याकडं. म्हणाली, "मास्तर, सरांना तुम्हीच सांगा आता. पुस्तक पाठ आहे त्यांचं, पान नंबर सांगतात. आमच्या चुका तेच काढतात. मग बसत का नाहीत?"

"घाबरतात," मी छातीठोकपणे सांगितलं. तीस वर्षं मुलांना परीक्षेला बसवतोय, घाबरलेला मुलगा मला लांबून कळतो. असं मला वाटत होतं.

वर्ष संपायला महिना राहिला तेव्हा मी सुतळ्यांखालून वाकत त्यांच्याकडं गेलो आणि सरळ चिडलो. "मगदूम, हे काय लावलंय? वर्ष उलटलं तर सगळं मुसळ केरात. कशाला घाबरता एवढं?"

मगदूम हसले. "रिस्क हाय की, मास्तर."

"कसली? नापास व्हायची?"

"न्हाय. पास झालो तर?"

मीही हसलो. मला तो विनोद वाटला. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला समोरच्याचं मराठी कळलं नाही, दुसरं काय! मी त्यांना हाताला धरून चौकातल्या नेट कॅफेत नेलं, माझ्यासमोर तारीख पक्की करायला लावली, आणि तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः स्टँडवर जाऊन बेंगळूरच्या गाडीत बसवून आलो. बायकोनं दशम्या बांधून दिल्या होत्या. गाडी सुटेपर्यंत मगदूम खिडकीतून माझ्याकडं बघत होते, आणि मी आपला अंगठा वर करून उभा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "मास्तर, झालं."

"काय झालं?"

"पास."

मी इकडं ओरडलो, बायको धावत आली. "लगेच कळलं?"

"व्हय. पडद्यावरच येतंय. अभिनंदन म्हणून येतंय. शेजारी कोण न्हवतंच बगायला. मग तितल्या पोरीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, सर, पेन्सिल हितंच ठेवायची." आणि मग, "तुमी घरात हाय ते बरं झालं. म्हटलं, फोन उचलत्यात का न्हाय."

मंडळानं डिजिटल बोर्ड लावला. त्यावर बावीस चेहरे, मगदुमांचा सगळ्यांत लहान, आणि परीक्षेचं नाव साफ चुकलेलं. पण लावला.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. मी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. साडेनऊला बाहेर येऊन बघतो तर त्यांचं दार सताड उघडं, आत खुर्च्या मांडलेल्या, आणि मगदूम त्यांतल्या एकीवर शर्ट-पँट घालून, वही मांडीवर घेऊन बसलेले. नवीन दोघं आले नव्हते. पुढंही आले नाहीत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सरांचं झालं, आता सरांना सुट्टीच्या दिवशी त्रास कशाला, असं त्यांना वाटलं. भली पोरं होती. भलेपणानंच त्यांनी येणं बंद केलं.

एकपर्यंत गल्लीत फोडण्या पडल्या. मगदूम उठले, खुर्च्या भिंतीला लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि निघून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी चारनंतर काही कामानं एसटी स्टँडवर गेलो, तर गडहिंग्लजच्या फलाटासमोर बाकावर हे बसलेले.

"गावाला गेलता?"

"न्हाय."

"मग जाणार आहात?"

"न्हाय हो. तितं आता कोण हाय? भाऊ बेळगावला गेला." मग घड्याळाकडं बघून म्हणाले, "गाड्या वेळेत सुटत्यात का बगत होतो. सवाचारची अकरा मिन्टं उशिरा सुटली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला स्वतःचाच राग आला. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. वर्षभर हा माणूस रविवार सांभाळत होता, आणि मी हाताला धरून तो मोडायला लावला होता. वर अंगठा दाखवला होता. पावणेपाचची गाडी वेळेत सुटली. मगदुमांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी नऊला मी दोनशे पानी वही घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "मला शिकवा."

"तुमास्नी? कशाला?"

"परीक्षेला बसतो."

मगदुमांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आतून एक कागद आणला. त्यावर माझं नाव होतं. शाळेची गॅदरिंगं, सहली, दहावीचं केंद्र चालवलं ती वर्षं, बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हाची माझी धावपळ, सगळ्याचे तास वेगवेगळे मांडलेले. "तुमचे तास कवाच भरल्यात," ते म्हणाले. "मी मोजून ठेवलंय. पन तुमाला विचारायचं कसं?"

बायको म्हणाली, "ह्या वयात?" आणि दुसऱ्याच मिनिटाला अख्खा मसूर निवडायला घेतला. तेव्हापासून रविवारी एकला मगदूम आमच्याकडं जेवतात. त्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, ताट आमच्या ताटांपासून हातभर लांब. पहिल्या दिवशी ते पानावर बसले आणि म्हणाले, "वैनी, रविवारी दुपारचं गरम लई वर्सांनी खातोय." बायको पोळी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ह्याला दोन वर्षं झाली. शिकवण्यात माणूस पटाईत, आणि मीही काही अगदीच ढ नाही. मागच्या रविवारी त्यांनी माझी सराव परीक्षा घेतली, पन्नास प्रश्न. मी सोडवत गेलो आणि निम्म्यावर लक्षात आलं की, मला सगळं येतंय. एकही प्रश्न अडत नव्हता. मी थांबलो. पेनाची टोपी लावली, काढली. मग मागं जाऊन वीसेक उत्तरं खोडली आणि शेजारचा पर्याय गिरवला.

मगदूम लाल पेन घेऊन तपासायला बसले. सातव्या प्रश्नाला थबकले. तो प्रश्न असा होता की, सातवीतलं पोरगंसुद्धा चुकणार नाही. त्यांनी माझी खाडाखोड उजेडाकडं धरून बघितली. खालचं बरोबर उत्तर शाईतून दिसत होतं. मी छताकडं बघत बसलो. मग त्यांनी सावकाश फुली मारली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले,

"मास्तर, लई कच्चं हाय तुमचं. पयल्यापास्नं काडूया परत."