यमाचे वकील नामाभाऊ

महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेला जाणारा माणूस महादेवाला बेल वाहतो. आमचे शेजारी नामाभाऊही वाहतात, पण एक पान राखून ठेवतात आणि देवळाबाहेर येऊन, दक्षिणेकडे तोंड करून, भुईवर ठेवतात. ते यमाचं. "त्याले कोणी पुसत नाई," म्हणतात.

नामाभाऊ घुग्घुसच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. घरात एकटे, पण चहा मात्र चारजणांचा मांडतात आणि दारावरून जाणाऱ्याला धरून आणतात. चहा संपेपर्यंत गाडी यमावर येतेच.

मार्कंड्याची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ. मृकंडू ऋषीच्या पोराला सोळाच वर्षांचं आयुष्य. वेळ भरली तसा यम फास घेऊन आला. पोरानं पिंडीला घट्ट मिठी मारली, तर पिंडीतून महादेवच निघाले आणि त्यांनी यमाला लाथ घातली. हे इथंच, वैनगंगेच्या काठी घडलं म्हणतात. लाथेशी सगळे टाळ्या वाजवतात. नामाभाऊ नाही. गणपतीत पोरांनी हे नाटक बसवलं, तेव्हा लाथ खाल्लेल्या यमाला त्यांनी पडद्यामागे नेऊन लिंबूसरबत पाजलं होतं.

यंदा मी, आमचे हे आणि नामाभाऊ असे जत्रेला गेलो. वाळूवरच्या मांडवात कीर्तन ऐन रंगात होतं. बुवा लाथेवर आले आणि नामाभाऊ उभे राहिले. तुम्ही यमाचे वकील आहात का, असं बुवांनी हसून विचारलं.

"वकील नाई महाराज. पण त्यानं सोताहून पोराचं नाव काढलं नव्हतं. त्याले धाडलं होतं."

मांडव हसला. सगळ्यांत जास्त नामाभाऊच हसले.

मग नदीकाठी भजी खात बसलो तेव्हा मी विचारलंच, की भाऊ, यमाचा इतका पुळका काऊन? तेव्हा त्यांनी सांगितलं. खाणीत कोणाचं बरंवाईट झालं, की घरी सांगायला साहेब त्यांनाच धाडत. हा हळू बोलतो म्हणून. पुढं पुढं त्यांची सायकल गल्लीत शिरली, की बाया दारं लावून घेत.

"एकदा पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्याले गेलो, वहिनी. तं ती बाई पत्रिका पाहाच्या आधीच मटकन खाली बसली."

सांगताना हसले. मला हसू आलं नाही.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. आमच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच पुण्यात दवाखान्यात नेलं होतं. बाळाचे ठोके कमी झालेत, ऑपरेशन करतो आहोत, असं जावई सांगत होते. मला तिथं बसवेना. मी दर्शनाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. हे फोन धरून काठावरच थांबले.

रांग हलत नव्हती. मी पुढच्या बाईच्या पदराकडे बघत नुसती उभी. आणि गर्दीतून नामाभाऊ येताना दिसले. एकटे.

मी रांगेचा कठडा धरला. खरं सांगते, त्या क्षणी मलाही एखादं दार लावून घ्यावंसं वाटलं.

त्यांना ते दिसलं असावं. तिथूनच, पन्नास माणसांच्या डोक्यांवरून, त्यांनी हात उंच केला आणि जन्मभर हळू बोललेला तो माणूस मोठ्यानं ओरडला, "चांगली बातमी हाय, वहिनी! चांगली हाय!"

मग ते जवळ आले. नात झाली होती. दोघी सुखरूप होत्या. हे स्वतःच सांगायला निघाले होते, पण नामाभाऊंनी हात जोडून मागून घेतलं, मले जाऊ द्या म्हणून.

मी रडत होते, हसत होते. ओळख ना देख, पण रांगेतल्या बायांनी मला जवळ घेतलं. एकीनं पिशवीतून पेढा काढून आधी नामाभाऊंच्याच तोंडात घातला.

ते तो तसाच गालात धरून उभे राहिले. डोळे भरून आले होते. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "वहिनी, आणखी कोणाले सांगाचं हाय?"