दीड जिराफ खोल विहीर

आमच्या विहिरीला पाणी किती खोल, असं कुणी विचारलं की सगळे "चार परस" सांगतात. रंगनाथ भावजी सांगत, "दीड जिराफ." देवळाचा कळस दोन जिराफ, कडब्याची गंजी एक जिराफ, आणि आमचे हे ठेंगणे, म्हणून "दादा म्हणजे जिराफाचा गुडघा." असल्या माणसाला काय म्हणावं?

भावजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ. पंधरा वर्षं आफ्रिकेत नैरोबीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होते. स्वराज्य आल्यावर चारपाच वर्षांनी एकटेच पणदऱ्याला परतले आणि स्वतःला बाललेखक म्हणवून घेऊ लागले. डोक्यावरचे केस गेलेले, आणि म्हणे बाल! उसाला पाणी द्यायला बसवलं, तर बांधावर बसून लिहीत राहिले. सगळं पाणी शेजारच्या फडात. शेजारी भांडायला आला, तर त्यालाच म्हणाले, "थांबा, एवढं वाक्य पुरं होऊ दे."

बोलणं तर पुस्तकातलं. गावात वाढलेला माणूस, पण "हाय-न्हाय" म्हणायला लाज. अक्षर मात्र मुंग्या चालल्यासारखं. मी चौथी पास, म्हणून त्यांची वही उतरून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाकऱ्या थापून झाल्या की बसायचं जिराफ लिहीत.

बारामतीचा छापखानेवाला त्यांना म्हणाला होता, "गावच्या पोरांना वाचून दाखवा. आवडलं तर छापू." भावजी कोट घालून गुऱ्हाळावर गेले. तिथं काकवी चाटायला पोरं बसलेलीच असतात. मी ऊस टाकायच्या निमित्तानं बाजूला उभी होते. भावजींनी सुरू केलं, "एका घनदाट अरण्यात एक जिराफ राहत असे."

गुळव्याच्या तानीनं विचारलं, "दूध किती देतो?"

"जिराफ दुधासाठी नसतो, बाळ."

"मग औताला चालतो?"

"नाही."

"मग ठिवलाय कशाला?"

गुळव्या काहिलीत ढवळत हसला. "रंगनाथराव, इंदापूरच्या बाजारात न्हाय खपायचा तुमचा जिराफ!" तेवढ्यात काकवी आली आणि अरण्यात एकटे भावजी उरले.

छापखानेवाल्याला हे कळलं. त्यानं निरोप धाडला, "जिराफाची म्हैस करा, उद्या छापतो."

मला बरंच वाटलं. म्हशीची गोष्ट निदान कुणी ऐकेल तरी. मी कधी नव्हे ते बोलले, "भावजी, करा की म्हैस. तुमचं पुस्तक निघंल. एवढा कसला हट्ट?"

त्यांनी वहीतल्या जिराफावर बोट ठेवलं. मग पुस्तकी बोलणं विसरून म्हणाले, "वहिनी, माझी नर्मदा तिकडंच हाय. तिची आई हिकडं याया तयार झाली न्हाय. पोरीला रोज सांजचं हीच गोष्ट लागायची. माझी पत्रं तर न उघडता माघारी येत्यात. पुस्तक छापलं, तर तिकडच्या मराठी शाळंत जाईल, तिच्या हाती पडंल. म्हैस केली, तर ही आपल्या बानं सांगितलेली गोष्ट हाय, हे तिला कळंल कसं?"

मी टाक दौतीत बुडवला आणि जिराफ होता तसाच लिहिला.

दुसऱ्या दिवशी भावजी सायकल काढून कऱ्हाटीला निघाले. पणदऱ्याच्या पोरांना नाही आवडलं, तर तिथल्या पोरांना वाचून दाखवणार होते. मी भाकरी बांधून दिली आणि विचारलं, "नर्मदाला आता कितवं वर्ष?"

"चौदावं," भावजी म्हणाले. "आता असल्या गोष्टी ऐकायचं वय न्हाय राहिलं तिचं." आणि वही कोटाच्या आत नीट सरकवून त्यांनी सायकलवर टांग टाकली.